ओला टॉवेल

डॉ. गद्रे खोलीत आल्या तेव्हा यमुनाबाई न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर येत होत्या.

"आत्ता अंघोळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"सिस्टर म्हणाल्या, उमाकांत गेला."

खाटेवर बसलेला त्यांचा मुलगा उमाकांत ओशाळून हसला. "डॉक्टर, मलाही सुतक लागतं का हो?"

त्याच्या रक्ताचा कॅन्सर फार पुढे गेला होता. म्हणून त्याच्या रक्तावरून, हाडांवरून संगणकात दोन उमाकांत तयार केले होते. एकाला नुसती केमो दिली, दुसऱ्याला केमोबरोबर अँटिबॉडीही. दोघंही पडद्यावरून यमुनाबाईंशी बोलत. पहिल्याला तोंड आलं तेव्हा त्यांनी त्याला तूप लावायला सांगितलं होतं.

"अहो आजी, तो खरा नव्हता," डॉक्टर म्हणाल्या.

"मला आई म्हणायचा तो."

डॉक्टरांनी विषय बदलला. "चांगली बातमी ऐका. दुसरा पूर्ण बरा झाला. यालाही आजपासून तीच दोन्ही औषधं देऊ."

यमुनाबाईंचा चेहरा खुलला. "मग त्याच्याशी बोलू द्या की जरा."

"आता कसं बोलणार? चाचणी संपली. दुपारीच त्याला बंद केलं."

"बरा झाला होता ना तो?"

"हो, अगदी ठणठणीत."

आपलं काय चुकलं ते डॉक्टरांना कळेना. उमाकांत हातातल्या सलाइनच्या सुईकडे बघत राहिला.

यमुनाबाईंनी खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला आणि त्या पुन्हा न्हाणीघरात गेल्या.