नऊ नंबरची बाई

हँडल पाचव्यांदा फिरवलं तरी उत्तर तेच आलं. शरयू कानिटकरनं गणकयंत्र पुढं ढकललं. उठून खिडकीशी गेली, लगेच परत येऊन बसली आणि आकडे पहिल्यापासून वाचायला लागली.

कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवरच्या तेरा बायका. गुडघेदुखीवरची नवी गोळी. सहा आठवडे. दुखण्याला वीसपैकी गुण दिलेले, औषधाआधी किती आणि नंतर किती. बाराजणींचं दुखणं दोन-दोन, तीन-तीन गुणांनी उतरलं होतं. नऊ नंबरच्या बाईचं मात्र आठावरून एकोणीसवर चढलं होतं. तिला हिशेबात धरलं, की हा गोळीचा गुण की नुसता योगायोग, ते सांगता येत नव्हतं. तिला वगळलं, की गोळी गुणकारी ठरत होती. शंकेला जागाच उरत नव्हती.

"वगळा तिला," डॉक्टर निकम दारातूनच म्हणाले. सांगलीच्या रुग्णालयात ही सारी पाहणी त्यांनीच उभी केली होती; आकडेमोड शरयूकडं होती. "ज्वारी काढताना लचक भरली असेल. एका बाईपायी तीन वर्षांची धडपड वाया घालवायची का, शरयूबाई? उद्या संध्याकाळी मी पुण्याला निघतोय. परिषदेत निबंध वाचला, की जूनपासून पाचशे बायकांना ही गोळी देता येईल."

ते वाईट माणूस नव्हते. शिवाय असा एखादा आकडा भरकटतो, हे शरयूही शिकलेली होती. लाल पेन्सिलीची एक रेघ, की काम संपलं. ती रेघ काही तिच्या हातून ओढली जाईना. जेवायच्या सुट्टीत ती जेवली नाही. फडताळातून तिनं मूळ कागद उपसून काढले. नर्स अनसूयाबाई दर आठवड्याला वस्तीवर जाऊन बायकांना विचारत आणि ते कागद भरत. नवव्या कागदावर नाव होतं साळूबाई. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पायांस सूज'. तक्त्यात सुजेचा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ती कवठे महांकाळला उतरली. पुढं दोन कोस पायी. फेब्रुवारीतच ऊन तापायला लागलं होतं. संध्याकाळच्या आत परतायचं होतं, त्यामुळं ती झपाझप चालत होती.

वस्तीवर चंद्राबाई नावाची एक बाई भेटली. तिचाही नंबर तक्त्यात होता. तिनंच शरयूला साळूबाईच्या दाराशी नेलं. साळूबाई उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून तट्ट झाले होते.

"पडला होता का कुठं? लचक भरली होती का?"

"न्हाई बा. पडाया उटतीया कोन? म्हैना झाला, हितंच बसून हाय."

"मग तुम्हांलाच कसा गुण आला नाही? बाकी साऱ्यांना तर बरं वाटतंय."

चंद्राबाईनं मागं वळून वाटेकडं पाहिलं.

"अनसूयाबाई संगं न्हाईत न्हवं?"

"नाही. मी एकटीच आलेय."

"मग सांगते. आवं, आमाला कुनालाच काय बरं वाटलेलं न्हाई. गोळी खाल्ली की पोटात लय आग पडायची. दोन दिसांत समद्यांनी सोडली. पर ती बाई उनातान्हात एवढं चालत येती, मायेनं इचारती, 'बरं हाय का गं?' तिला न्हाई म्हनाया जीब रेटत न्हाई."

"साऱ्यांनी सोडली?"

"ही सोडून," चंद्राबाईनं साळूबाईकडं बोट दाखवलं. "हिच्या ल्येकानं पलटणीतनं कागद धाडलाय, डागदर सांगल तसं वाग म्हनून. सकाळची एक, सांजची एक. एक बी चुकवली न्हाई हिनं."

शरयू साळूबाईला सांगलीला नेण्यासाठी बैलगाडी शोधायला धावली.

आधी बैलगाडीनं, मग एस.टी.नं, चारच्या सुमाराला त्या दोघी सांगलीत पोचल्या. रुग्णालयाच्या दारात निकमांची गाडी उभी होती. बॅग घेऊन ते जिना उतरत होते.

"काढला का तो आकडा?"

"बारा काढले, साहेब," शरयू म्हणाली. तिला धाप लागली होती. "त्या बाराजणींनी गोळी खाल्लेलीच नाही. जिनं खाल्ली, ती बाहेर बाकावर बसलीय."

निकम बॅग तिथंच ठेवून बाहेर आले. बाकासमोर ते जमिनीवर टेकले आणि साळूबाईच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खळगा तसाच राहिला. त्यांनी दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं. तिथंही तेच. ड्रायव्हर वेळेची आठवण करून द्यायला जवळ आला, तेव्हा त्यांनी मान वर न करताच त्याला हातानं परत पाठवलं.

एवढा मोठा डॉक्टर आपल्या पायाशी बसलेला बघून साळूबाई अवघडली. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला, कनवटीची कागदाची पुडी सोडली आणि त्यांच्यापुढं धरली.

"सायेब, ह्या चार ऱ्हायल्यात. सांजची आत्ताच खाऊ का? आनि ह्या सरल्यावर आनखी देनार न्हवं?"