तुलनेची काच

तंत्रज्ञ बाईने स्टूल मागे सरकवलं. सातव्या महिन्याचं पोट टेबलाला अडत होतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा तर मान बगळ्यासारखी पुढे काढावी लागायची.

काचेवर तिच्या भाच्याचं रक्त होतं. पाच महिन्यांचं पोर; मानेवर, काखेत एकामागून एक गळवं. धाकटी बहीण त्याला घेऊन दाराबाहेर बसली होती आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावत होती.

"ताई, झालं का गं?"

"होईल. बस जरा."

रक्तात तिने यीस्टचे कण सोडले होते. बाळाच्या पांढऱ्या पेशींनी त्यांना परकं म्हणून बरोबर ओळखलं होतं, चहूबाजूंनी वेढून गिळलंही होतं. कुणाच्या पोटात दोन कण, कुणाच्या चार. गिळलेल्याला पेशी मारू लागली की सोबत घातलेला पिवळा रंग गडद निळा होतो. इथे सगळ्या खाऊन बसलेल्या, आणि निळी एकही नाही. तिने शंभर मोजल्या. पुन्हा शंभर मोजल्या. चोर घरात घ्यावा आणि त्यालाच जेवायला वाढावं, तसला प्रकार चालला होता.

तिला मग एकदम सुचलं, रंगच शिळा असेल! तसं असलं तर धडधाकट माणसाच्या रक्तातही निळं दिसणार नाही. या तपासणीत तुलनेसाठी दर वेळी शिपाईमामा दंड पुढे करायचे आणि "एक नंबर माल आहे" म्हणून मिरवायचे. आज ते रजेवर, म्हणून तिने स्वतःचंच रक्त दिलं होतं. देवा, माझ्याही काचेवर काही दिसू देऊ नकोस, असं म्हणत तिने ती काच लावली.

दिसलं. एक पेशी निळी, शेजारची कोरी. परत एक निळी, परत दोन कोऱ्या. साधारण निम्म्या. रंग ठणठणीत होता.

निम्म्या म्हणजे काय, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. हा दोष आईच्या अंगात लपून असतो, तिला काही होत नाही. भोगतो तिचा मुलगा; दर मुलामागे शक्यता निम्मी. तिला इतकी भीती वाटली की बाहेर बहीण आहे हेही ती विसरली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. ती उठली. त्यांनी बाळाची काच पाहून "च्च" केलं आणि दुसरी लावली.

"शहाणी आहेस. आईचं रक्त मी मागवणारच होतो." डोळा न काढता ते म्हणाले, "बघ, निम्म्याच निळ्या. तिच्याकडूनच आलंय. तिला समजावून सांगावं लागेल, पुढच्या वेळी दिवस गेले तर..."

"सर, ते माझ्या बहिणीचं नाही."

"मग कुणाचं?"

तिने हात पोटावर ठेवला. डॉक्टरांनी मान वर केली. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही.