आवाज गिळणारे टोपण

पाटाच्या पाण्यावरून पाश्को आणि झेफ या शेजाऱ्यांत वैर होते. आमच्या अल्बानियाच्या डोंगरात वैर निंद्य मानीत नाहीत. परंतु ज्याने गोळी झाडली त्याने ती स्वमुखाने कबूल करावी, अन्यथा त्याची गणना पुरुषांत होत नाही. पाश्कोला वैर साधायचे होते, कबुली मात्र द्यायची नव्हती. म्हणून आपल्या छोट्या रायफलीच्या तोंडावर बसेल असे, आवाज गिळणारे एक टोपण त्याने घरीच घडवले. एका पहाटे झेफचा मेंढ्या राखणारा कुत्रा कुरणात निष्प्राण कोसळला, आणि कुंपणावरची कोंबडीसुद्धा दचकली नाही.

त्याच दुपारी पाश्को दुःख व्यक्त करण्यास झेफच्या घरी गेला. बैठक गावकऱ्यांनी भरलेली होती. झेफने प्रत्येकाच्या हाती आदराने कॉफी दिली. पाश्कोचा पेला मात्र त्याने स्वतःच्या गुडघ्याखालून पुढे सरकवला. ज्याची अब्रू गेली, त्याला आमच्याकडे असाच पेला देतात.

पाश्को उसळला. "हा पेला मला? अरे, माझ्या बंदुकीचा आवाज ऐकलाय का कुणी? विचार की सगळ्यांना!"

"नाही ना ऐकला, शूरवीरा," झेफ म्हणाला. "गोळी कुणीच ऐकली नाही. पण महिनाभर तुझ्या गोठ्यात कानस करकरत होती, ती अख्ख्या गावानं ऐकली. पी आता, निवतेय."