कोळंबीची नक्षी
मलेशियातल्या पामच्या मळ्यातून तामूची शवपेटी सुंबा बेटावर घरी आली, तेव्हा त्याच्या लग्नासाठी आईनं मागावर चढवलेलं घोड्यांच्या नक्षीचं वस्त्र अर्धंच विणून झालं होतं. तिनं स्वतःच्या मरणासाठी जपलेलं, कोळंबीच्या नक्षीचं वस्त्र काढलं. कोळंबी कवच टाकून नवी होते, तसा माणूस मरणापलीकडे नवा होतो. दीर आडवा आला. “वहिनी, हे बायकांचं. पुरुषाच्या अंगावर घोडे हवेत. पूर्वज म्हणतील, ही कुणाची बाई आली? वेशीवरूनच हाकलतील पोराला.” “वेशीवर सासूबाई असतील, भाऊजी. त्यांच्यापुढे तुमचे पूर्वज तोंड उघडतील होय? ही नक्षी त्यांनीच शिकवली मला, ओळखतील नातवाला.” तिनं लेकाला हनुवटीपर्यंत गुंडाळलं. दीर हळूच म्हणाला, “आणि तुमच्या वेळी, वहिनी? पुन्हा विणायला डोळे राहिलेत कुठे?” “मला वस्त्र कशाला? ओळखायला तो आहे ना तिथं.”