निंगप्पांची शेळी

निंगप्पांनी शेळीचं चित्र पुन्हा एकदा सरळ केलं. ते आधीच सरळ होतं.

"अहो, ती काय पळून जाणार आहे का?" महादेवी म्हणाल्या. "बसा की जरा."

निंगप्पांना बसवेना. त्यांचं आयुष्य कॉलेजच्या लायब्ररीत गेलं होतं. चित्रकलेवरची पुस्तकं त्यांनी वाचून वाचून पाठ केली होती, पण ब्रश हातात धरला तो निवृत्तीनंतर. हे त्यांचं पहिलंच प्रदर्शन. जुळे सोलापुरातल्या त्या हॉलमध्ये एका भिंतीवर त्यांची ॲक्रिलिकमधली चित्रं होती. फुटलेलं डाळिंब, पितळी तांब्या, दोरीवर वाळणारी चादर, बाभळीवरचे बगळे आणि मधोमध शेळी.

सकाळपासून माणसं येत होती. बगळ्यांवरून नजर फिरवत चहाच्या टेबलाकडे जात होती.

घरच्यांचं कौतुक निंगप्पा जमेस धरत नसत. एखादा तरी अनोळखी माणूस आपल्या चित्रापुढे थांबला पाहिजे, नाहीतर उद्या सगळे रंग रेश्माच्या वर्गाला देऊन टाकायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. महादेवींना ते ठाऊक होतं. त्यामुळे त्यांचंही लक्ष दाराकडेच होतं.

रेश्मा चित्रकलेची शिक्षिका. प्रदर्शन तिनंच जमवून आणलं होतं. हॉल मात्र दिग्विजयदादांनी फुकट दिला होता. दादांना येत्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. चित्रकारांचं शिबिरही त्यांच्याच मळ्यावर झालं होतं, आणि आता पलीकडच्या स्टेजवर त्यांच्या सत्काराची तयारी चालली होती.

"काका, आज पेपरात सगळ्यांतून तुमचीच शेळी छापून आली," रेश्मा म्हणाली. "आता तरी हसा."

"जागा भरायला घेतली असेल."

"तुमचं एकच चुकतं बघा. दिसलं तेवढंच काढता. थोडं मनाचं घालायचं की."

हे निंगप्पांना लागायचं, कारण ते खरं होतं. आपल्याकडे कल्पना नाही, आपण नुसते नकलाकार, असं त्यांना रात्रंदिवस वाटायचं.

तेवढ्यात पटका बांधलेला एक माणूस आत आला. इकडं तिकडं न बघता तो थेट शेळीपुढे जाऊन उभा राहिला. तिथून हलेना. त्याच्या हातात सकाळच्या पेपराचं कात्रण होतं. त्याच्याबरोबर आलेला पांढऱ्या शर्टातला माणूस मागेच थांबून तांब्याचं चित्र न्याहाळत होता.

महादेवींनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "जावा की."

निंगप्पा पुढे गेले.

"ह्ये तुमी काढलं व्हय?" पटकेवाल्यानं विचारलं.

"हो. म्हणजे, प्रयत्न केलाय."

"बघून काढलं, का मनानं?"

नेमका हाच प्रश्न यायचा होता. निंगप्पा ओशाळले. "बघूनच. मला मनाचं काही जमत नाही."

"लई ब्येस." माणसाचा चेहरा उजळला. "आन् ही कानाची खाच? ती बी हुती?"

"होती की. डाव्या कानाला. नसती तर मी कशाला काढू?"

"कपाळावरला ह्यो ठिपका?"

"तोही. जसाच्या तसा."

माणसानं घाईघाईनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चित्रापुढे धरला. "रंभे, बघ. नीट बघ की." फोनमधल्या बाईनं नुसतं बघितलं आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

निंगप्पांच्या अंगावर काटा आला. चित्र बघून माणसं रडतात हे त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"मी धोंडीराम. सांगोल्याकडनं आलो," माणूस डोळे पुसत म्हणाला. "साहेब, या की हिकडं."

पांढऱ्या शर्टातले साहेब जवळ आले. "सुरेख आहे. कुठं बसून काढलंत?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. निंगप्पा भडाभडा बोलत सुटले. "आमच्या शिबिरात. दादांच्या मळ्यावर. बाकीचे सगळे विहीर काढत होते. मी मागच्या पत्र्याच्या शेडकडे गेलो. गडी नको म्हणत होता, पण मी बसलोच. आत पुष्कळ शेळ्या होत्या. ही एकटीच माझ्याकडे बघत राहिली."

"हे लिहून द्याल का? तारीख, जागा, समोर बसून काढलं, सगळं. खाली सही."

निंगप्पांचे कान गरम झाले. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं घेणारे जाणकार अस्सलपणाचं असं लेखी मागतात, हेही त्यांनी वाचलं होतं. त्यांनी टेबलापाशी बसून, एकही खाडाखोड न करता, ठळक अक्षरात सगळं लिहिलं. मळ्याचं नाव लिहिलं. शेडची जागा लिहिली. खाचेबद्दल एक वाक्य आपल्या मनानं वाढवलं.

"काका, मी बोलले ते सगळं परत घेते," रेश्मा त्यांच्या कानाशी म्हणाली. महादेवी नुसत्या हसत होत्या.

स्टेजवर दादांच्या अंगावर शाल पडली. त्यांनी माईक हातात घेतला. "निंगप्पाकाका, आमच्या मळ्यानं तुम्हाला मोठं केलं, विसरू नका बरं का." हॉल हसला. निंगप्पांनी बसल्या जागेवरून त्यांना हात जोडले.

मग उठून, सगळा धीर गोळा करून त्यांनी धोंडीरामला विचारलं, "चित्र आजच नेता, की प्रदर्शन संपल्यावर?"

"चित्र?" धोंडीराम म्हणाला. "चित्र ऱ्हाऊ द्या की हितंच."

साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या दोन हवालदारांना खुणेनं आत बोलावलं.

"दादांना म्हणावं, नारळ घेऊन झाला की गाडीत बसा. मळ्यावर जाऊन ह्या धोंडीरामच्या चोरलेल्या शेळ्या त्याला परत द्यायच्यात."