तिथं राहणारं कुणीतरी

"तिथं राहणारं कुणीतरी लागतंय, अक्का," हमजा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "जर्मनीत. नाव आन् राहता पत्ता. त्याबिगर हे पुढंच सरकंना."

उमादेवी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मेसवरून तशीच उठून आली होती, हाताला कणीक वाळली होती.

"तिथं राहणारा एकच माणूस माझा हाय," ती म्हणाली. "त्यालाच तर हुडकायलोय की आपण."

भूकंप झाला तेव्हा उमादेवी बारा वर्षांची होती आणि तिचा भाऊ शिवकुमार साडेतीन. किल्लारीच्या बाजूच्या त्यांच्या गावात आईबाप पहाटे दगडमातीखाली गेले. ही दोघं वाचली. उमादेवीला चुलत्यानं ठेवून घेतलं, कारण ती भाकरी थापू शकत होती. शिवकुमारला पुण्याच्या एका संस्थेत धाडलं. कळती झाल्यावर ती त्याला आणायला गेली, तर संस्थेला कुलूप. शेजारच्या वॉचमननं सांगितलं, त्या साली आलेली पोरं जर्मनीतल्या लोकांनी दत्तक नेली. सतरा वर्षांत तिला कळलं ते एवढंच. देश केवढा मोठा, आणि तिच्या डोळ्यांपुढचा भाऊ अजून एवढासाच.

लातुरात तेव्हा घरटी एक डॉक्टर तयार होत होता, निदान क्लासवाल्यांच्या जाहिरातीत तरी. त्या पोरांचे निकाल हमजाच्या नेट कॅफेत लागायचे आणि जेवणं उमादेवीच्या मेसमध्ये व्हायची. वेबसाइट काढायची कल्पना हमजाचीच. शिवकुमारचा लहानपणीचा फोटो टाकायचा, गावाचं नाव टाकायचं, भूकंपाचं लिहायचं. पण साइटचं नाव घ्यायचं ते जर्मनीचं, शेवटी डॉट डीई असलेलं. तिथली माणसं काही शोधायला लागली की आधी तिथलंच वर येतं, असं त्याचं म्हणणं. उमादेवीला ते लगेच पटलं. हाक मारायची तर माणसाच्या दारात जाऊन मारावी, लातुरातून ओरडून काय उपयोग?

पण असं नाव नोंदवायला जर्मनीत राहणारं माणूस दाखवावं लागत होतं, आणि आता त्या दाराशीच गाडी अडली होती.

अडली ती आठ दिवस. मग उमादेवीला अक्षरा आठवली. उदगीरची पोरगी, क्लाससाठी दोन वर्षं लातुरात होती, उमादेवीच्या हातचं जेवली होती. आता जर्मनीत शिकत होती. फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "अक्का, विचारायचं काय त्यात? टाका माझा पत्ता." साइटवरचा मजकूरही तिनंच तिथल्या भाषेत लिहून दिला.

सगळ्यात खाली आपला लातूरचा पत्ता आणि मोबाइल नंबर टाक, असं उमादेवीनं हमजाला सांगितलं. तो घाबरला.

"नको अक्का. दोन पत्ते दिसले तर तिथले नोंदणीवाले म्हणतील, ही बाई हितं राहतच न्हाई, खोटी नोंद हाय. बंद करून टाकतील. लातूरचं काहीच नको."

रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्याकडे चपला झिजवलेली माणसं ती. पत्त्यात जरा मागंपुढं झालं की कागद परत येतो, हे दोघांच्याही अंगात मुरलेलं. उमादेवीनं हट्ट सोडला. साइटवर तिचं नाव लागलं आणि नावाखाली अक्षराचं घर. निरोपासाठी हमजानं एक ईमेल ठेवला, तो रोज उघडून बघू लागला.

दिवाळी झाली. जुनी पोरं गेली, नवी बॅच आली. ईमेलवर जाहिराती तेवढ्या येत राहिल्या. सुरुवातीला उमादेवी रोज विचारायची. पुढं पुढं हमजालाच तिच्याकडे बघणं जड जाऊ लागलं, तेव्हा तिनं विचारणं सोडलं.

अक्षराचा फोन आला तेव्हा मेसमध्ये पंगत बसली होती. पोरगी नुसती रडत होती.

"अक्का, तो आला होता."

उमादेवीच्या हातातलं वरणाचं पातेलं तिनं खाली कधी ठेवलं, तिलाच कळलं नाही.

"मी घरी नव्हते, परीक्षेला गेले होते. खाली घरमालकीण म्हातारी राहते, तिनं आज बोलता बोलता सांगितलं. महिना झाला म्हणे. सावळा मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, बोलणं इथलंच. हातात फुलं होती. बेलवरची सगळी नावं त्यानं वाचली, पुन्हा वाचली. मग तिला विचारलं, उमादेवी कितव्या मजल्यावर राहते?"

"मग?"

"ती म्हणाली, ह्या नावाचं इथं कुणी राहत नाही. कधीच नव्हतं."

"त्यो काय म्हणाला?"

"फुलं पायरीवर ठेवली आणि गेला. नाव नाही, नंबर नाही. अक्का, मी तिला सांगून ठेवायला पाहिजे होतं."

पंगतीतून कुणीतरी पोळी मागितली. उमादेवी भिंतीला टेकली. तिचा भाऊ मोठा झाला होता. आपल्या पायांनी, फुलं घेऊन बहिणीकडे आला होता, आणि बहीण तिथं राहत नाही म्हणून परत गेला होता. तिनं पदर तोंडात कोंबला, चार पोरांसमोर आवाज फुटू नये म्हणून.

मग डोळे पुसले.

"रडू नको गं," ती म्हणाली. "ऐक. त्या बेलवर माझं नाव लाव. आजच्या आज."

"लावते, अक्का."

"आन् त्या म्हातारीला सांगून ठेव. परत आला तर म्हणावं, उमादेवी हितंच राहते. जरा बाहेर गेलीया. बस म्हणावं, येईलच इतक्यात."