दिगंबररावांचा उखाणा

लग्नाच्या पंगतीत उखाणे चालू होते. प्रत्येकाच्या कानात सूचक नावाचं इवलंसं यंत्र होतं आणि ते हवी ती ओळ पुरवत होतं. त्यामुळे कोणी अडत नव्हतं आणि कोणी ऐकतही नव्हतं.

"दिगूकाका, आता तुम्ही. काकूंचं नाव घ्या," नवरी ऋजुता म्हणाली.

दिगंबररावांनी कानातला सूचक काढून खिशात टाकला.

"अहो दाजी, अडाल!" शेजारी बसलेला मेव्हणा प्रभाकर म्हणाला.

"अडलो तर तोंडात जिलबी कोंब."

बायको कुमुद गेल्यापासून सूचकाच्या त्याच त्या गुळगुळीत वाक्यांना दिगंबरराव विटले होते. मग त्यांनी स्वतःशीच पैज लावली होती, रोज सकाळी यंत्र बंद करून एक ओळ लिहायची. बहुतेक ओळी टाकाऊ निघाल्या होत्या. चारचौघांत तर एकही म्हटली नव्हती.

"पिठलं माझं करपलं, भाकरीला पडलं भोक..."

सगळ्यांच्या कानात पुढची ओळ एकदमच आली. मंडपभर कुजबुज झाली, "कुमुदविना जीवनात उरला फक्त शोक." माना खाली गेल्या.

"चूक!" दिगंबरराव ओरडले. "कुमुद म्हणाली, 'दार लावा, हसतील लोक!'"



"अगदी आमची ताई!" प्रभाकर म्हणाला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. मग अख्खी पंगत हसत सुटली.

"काका, अजून एक!"

दिगंबररावांकडे दुसरी ओळच नव्हती. तरी ते ताटावरून उठून उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले, "सुचतंय!"